बटनांना नावं ठेवताना

"तुझी वेबसाईट बोलेनाच की गे," पेटीमास्तर फोनवर म्हणाले. जुलै महिना, बेळगावचा पाऊस, सकाळपासून तीनदा गेलेली वीज. मी आधी त्यांच्या इंटरनेटवर संशय घेतला, मग फोनवर, मग शहापुरातल्या टॉवरवर. स्वतःवर संशय घ्यायची पाळी आमच्या धंद्यात सगळ्यांत शेवटी येते. "मास्तर, एकदा बंद करून परत उघडून बघा," मी म्हणाले. कुठलाही कॉम्प्युटरवाला कुणालाही हेच सांगतो. पलीकडून पेटीचा भाता दोनदा हलल्याचा आवाज आला. विचार करताना मास्तर भाता हलवतात, सूर न लावता. "उघडून बघितलं. उघडतंय. बोलेना. तू सांजच्याला येऊन जा की. आणि येताना कुंदा आणू नको, शुगर निघाली आहे."

मास्तर जन्मापासून आंधळे. पोरवयात गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात संगीत शिकले. पंचाक्षरी गवई आणि पुट्टराज गवई या दोन दृष्टिहीन गवयांमुळे उत्तर कर्नाटकातली कितीतरी आंधळी पोरं तिथं पोचली, त्यांतलेच हे एक. त्यामुळे त्यांच्या तोंडी वचनं कानडीत आणि अभंग मराठीत, आणि शिव्या दोन्हीत. लहानपणी मलाही दोन वर्षं पेटी शिकवायचा प्रयत्न त्यांनी केला होता. "हिची बोटं बघून वाजवतात, ऐकून वाजवत नाहीत," असा निकाल देऊन त्यांनी मला मोकळं केलं. शिकवण्यांची आयुष्यभराची शिल्लक त्यांनी ज्या पतसंस्थेत ठेवली, तिची वेबसाईट मी चार महिन्यांपूर्वी केली होती. वार्षिक सभेची नोटीस यंदापासून पोस्टाने येणार नाही, वेबसाईटवर बघा, असं संस्थेने कळवलं होतं. मास्तर बघायला गेले होते.

त्यांच्या माडीवर ओल्या भिंतीचा आणि कापराचा वास असतो. खालच्या बोळात पूर्वी मागांचा खडखडाट असायचा, आता एकच यंत्रमाग उरलाय, तोही लाईट असेल तेव्हा. मास्तरांनी फोन काढला, पडद्याकडे तोंडसुद्धा न वळवता अंगठ्याने माझी वेबसाईट उघडली आणि बोट उजवीकडे सरकवायला लागले. प्रत्येक सरकवण्याला फोन काहीतरी बोलत होता, पण इतक्या भराभर की मला शब्दच लागेनात. द्रुत लयीतली तान अंगावरून निघून जावी तसं झालं. "सावकाश लावू?" त्यांनी विचारलं आणि आवाजाचा वेग खाली आणला. मग मला ऐकू आलं. "अनलेबल्ड, बटन. अनलेबल्ड, बटन. ग्राफिक. अनलेबल्ड, बटन. लिंक, इथे क्लिक करा. लिंक, इथे क्लिक करा. लिंक, इथे क्लिक करा." मी मनातल्या मनात मोजत होते. नावं नसलेली अकरा बटनं. व्याजदरांचं कोष्टक, जे मी रात्री जागून सुंदर मांडलं होतं, ते एका शब्दात संपलं: "ग्राफिक." आणि मग फोनने एक लांबलचक ओळ म्हटली: "व्हॉट्सॲप इमेज, दोन शून्य दोन पाच, शून्य सात..." पुढे तारीख, वेळ, सेकंद. मास्तर थांबले. "आता यातली सभेची नोटीस कुठली?"

हीच ती, मी म्हणाले.

संस्थेच्या सेक्रेटरींनी नोटीस छापून घेतली, तिचा फोटो काढला, मला व्हॉट्सॲपवर पाठवला, मी तो चढवला. पाच मिनिटांचं काम. फोटोला शब्दांत काही लिहून ठेवलेलं नसलं, तर फोन बिचारा फायलीचं नाव तरी वाचून दाखवतो. भात नाही म्हणून पेज वाढावी तसं. मास्तर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "सभा कवा आहे?" मी तारीख सांगितली. त्यांनी मान हलवली. म्हणजे शेवटी काय झालं, तर शेजारच्या पोराकडून नोटीस वाचून घ्यायची म्हणून जो माणूस पन्नास वर्षं अवघडत होता, त्याच्यासाठी मी वेबसाईट केली, आणि ती वाचून दाखवायला मला स्वतःला पाऊस तुडवत शहापूर गाठावं लागलं.

आता लपवण्यासारखं काही नाही, म्हणून सांगते. मला हे सगळं येत होतं. पुण्याच्या कंपनीत सहा वर्षं मी हेच केलं. तिथं अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांच्या साईट असायच्या, आणि तिकडे दावे होतात म्हणून सगळे घाबरून असायचे. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर, प्रत्येक बटनाला नाव, माऊसशिवाय नुसत्या कीबोर्डवर सगळं चाललं पाहिजे. त्या नियमावलीचं नाव डब्ल्यूसीएजी, पहिली आवृत्ती १९९९ची. म्हणजे मी शाळेत असल्यापासून हे नियम जगात आहेत, आणि त्यांतला अगदी पहिला नियम हाच की चित्राला शब्द द्या. मी तिथं यादीवर खुणा करत 'डबल ए' पातळीची सर्टिफिकिटं पुढे सरकवत होते, कुणा ओहायोतल्या आंधळ्या माणसाला पडदे विकत घेता यावेत म्हणून. इकडे गावी परत आले, पंधरा हजारांत पतसंस्थेचं काम घेतलं आणि त्या यादीतलं एकही कलम आठवलं नाही. विसरले म्हणायलाही जीभ रेटत नाही. इथं कोण विचारतंय, असं कुठेतरी गृहीत धरलं होतं. परक्याच्या दारात रांगोळी आणि आपल्या उंबऱ्यात चिखल.

निघताना मी मास्तरांना तोंडभरून काहीतरी म्हणाले, दिव्यांग बांधवांची गैरसोय वगैरे. वाक्य माझं नव्हतंच, कुठल्यातरी जीआरमधून उडून आलं होतं. मास्तरांनी हात वर केला. "हे बघ. मुंबई-पुण्याकडं मला दिव्यांग म्हणतात. आपल्याकडं कचेरीत विकलचेतन म्हणतात. गल्लीत आंधळा मास्तर म्हणतात. मला कुठलं नाव द्यायचं ते सरकार ठरवू दे. तू बटनांना नावं ठेव."

बोगारवेशीपर्यंत चालत आले तरी मला हसावं की काय करावं ते कळत नव्हतं.

घरी बाबा व्हरांड्यात बसले होते. बाबा पेंटर. म्हणजे चित्रांचे नव्हेत, पाट्यांचे. रामलिंगखिंड गल्लीतल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. टर्पेंटाईनचा वास, उभे करून ठेवलेले पत्रे, खडूची पूड लावलेली दोरी. त्या दोरीचं एक टोक माझ्या हातात देऊन ते दुसरं ताणायचे आणि मधोमध टिचकी मारायचे. पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटायची. माझं त्या धंद्यातलं योगदान एवढंच. फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत तो बोळ ओस पडला, पण त्याआधी अर्ध्या बेळगावाची नावं बाबांच्या ब्रशातून उतरली होती. अक्षर कसं काढायचं यापेक्षा ते दिसतं कुठून याची त्यांना जास्त फिकीर. पाटी झाली की तिला दुकानाबाहेर उभी करायची, रस्ता ओलांडून पलीकडे जायचं आणि डोळे इतके बारीक करायचे की सगळं धूसर व्हावं. त्या धुसरपणात जे अक्षर टिकलं ते खरं. "चांगल्या डोळ्यांनी कायपण वाचता येतं," ते म्हणायचे, "सासऱ्याच्या डोळ्यांनी बघावं." गिऱ्हाइकाने गुलाबीवर पांढरं मागितलं तर सरळ नाही म्हणायचे. काळ्यावर पिवळं, पांढऱ्यावर निळं, आणि फार तर पिवळ्यावर काळं.

पुण्यात आम्ही हेच एका यंत्राने मोजायचो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक. पांढऱ्यावर काळं असलं तर २१ला १, आणि नेहमीच्या आकाराच्या अक्षराला निदान साडेचाराला १ तरी हवा. पतसंस्थेच्या संचालकांना शीर्षकं पांढऱ्यावर भगवी हवी होती, कारण उघड आहे. एका संचालकांनी मग पिवळ्यावर लाल अशीही एक पट्टी मागितली, त्याचंही कारण उघड आहे. आपल्याकडे रंग निवडताना रंग कुणी बघत नाही. मी त्या रात्री दोन्ही मोजले. भगव्याचे गुण २.१, लाल-पिवळ्याचे ३.७. पास व्हायला साडेचार. सीमाप्रश्नाच्या दोन्ही बाजू एकदम नापास झालेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या.

भाषेवरून तर दोन सभा झाल्या होत्या. वेबसाईट तीन भाषांत, तेवढं सगळ्यांना मान्य होतं. पण वरच्या कोपऱ्यात पहिलं नाव मराठीचं की कानडीचं, यावर चहाच्या तीन फेऱ्या गेल्या. शेवटी दोन्ही नावं एका ओळीत न लिहिता गोल चक्रात फिरती ठेवावीत, अशी सूचना एका ज्येष्ठांनी केली. ती मी हसून सोडून दिली, पण त्यातला शहाणपणा मला मान्य आहे. गंमत म्हणजे एवढ्या भांडणातून जी तीन बटनं जन्माला आली, ती मी चित्रं म्हणून चिकटवली होती. मास्तरांच्या फोनला त्यांतली मराठी कुठली, कानडी कुठली, काही कळत नव्हतं. अनलेबल्ड, अनलेबल्ड, अनलेबल्ड. भाषावादाचा एवढा समतोल निकाल आजवर कुणी दिला नसेल.

त्याहून वाईट एक गोष्ट आत दडलेली होती. वेबपानाच्या अगदी कपाळावर एक खूण असते, हे पान अमुक भाषेत आहे असं सांगणारी. माणसाला ती दिसत नाही. पण वाचून दाखवणारं यंत्र तीवरून आवाज निवडतं: मराठी असेल तर मराठीचा, कानडी असेल तर कानडीचा. मी तयार साच्यातून काम केलं होतं आणि साचा इंग्रजी होता. त्यामुळे माझं मराठी पान स्वतःला इंग्रजी म्हणवत होतं. अशा वेळी एखादा आवाज गप्पच बसतो, एखादा भलतंच काहीतरी पुटपुटतो. हिंदीची खूण लावणारेही बरेच असतात, लिपी एकच म्हणून. मग विज्ञानाचं 'विग्यान' होतं. सीमाभागात आम्ही जनगणनेच्या वेळी घरोघरी सांगत फिरतो, मातृभाषा नीट लिहून घ्या म्हणून. आणि मी माझ्या पानाची मातृभाषा इंग्रजी लिहून आले होते.

बाबांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तू अक्षरं काढलीस. लिहिली नाहीस."

हे त्यांना कळणारच. त्यांच्या धंद्यातली सगळ्यांत मोठी फजिती नेमकी तीच होती. ऐंशीच्या दशकात, गोकाक चळवळीनंतर, गावात कानडी पाट्यांची मागणी एकदम वाढली. बाबांना कानडी बोलता येत होतं, बाजारापुरतं, पण वाचता येत नव्हतं. ते अक्षरं काढायचे. गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून द्यायचं, बाबा तिच्याकडे चित्र म्हणून बघायचे आणि तसंच्या तसं पत्र्यावर उतरवायचे, गोलाई सुद्धा त्या लिपीत वाढलेल्या माणसासारखी. वाचणारा म्हणायचा, काय वळण आहे! तर रविवार पेठेच्या बाजूला एका गवळ्याने डेअरी काढली. पाटीवर लिहायचं होतं 'शुद्ध हालु'. हालु म्हणजे दूध. चिठ्ठीवरचं अक्षर किरटं होतं, ल कुठला आणि ळ कुठला याचा बाबांना पत्ता नाही, आणि त्यांनी काढलं 'शुद्ध हाळु'. कानडीत हाळु म्हणजे नाश, सत्यानाश. आकाशी पाटी, पांढरी टपोरी अक्षरं, कडेला गाय: शुद्ध सत्यानाश. रस्त्यापलीकडून डोळे बारीक करून बघितलं तरी अगदी स्वच्छ वाचता येत होतं. तीन दिवस ती पाटी वर होती. येणाजाणाऱ्यांनी बघितली, हसले असतील, पण गवळ्याला सांगितलं चौथ्या दिवशी शाळेत जाणाऱ्या एका पोरीने. बाबा शिडी घेऊन गेले, दिवसभर उन्हात उभं राहून अक्षर खरवडलं, वर रंगाचे दोन हात दिले. गवळ्याने पैसे दिले नाहीत, पण एक तांब्या दूध दिलं. बाबांच्या मते ते निव्वळ पाणी होतं.

त्यानंतर त्यांनी कानडी बालवाडीचं पुस्तक आणलं आणि चाळिशीला टेकताना अंकलिपी गिरवली. मी मात्र बोलते फाडफाड आणि वाचते अजून बोट ठेवून.

काढलेलं आणि लिहिलेलं, हा फरक पुढचे आठ दिवस माझ्या डोक्यातून जाईना. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. माझं व्याजदरांचं कोष्टक काढलेलं होतं. बटनंही काढलेलीच, म्हणजे प्रत्येकावर नुसतं चित्र चिकटवलं होतं. बोटाने दाबलं की चालायचं, पण ते बटन कशाचं आहे हे यंत्राला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आणि संस्थेचा अहवाल! तो डीटीपीवाल्याने जुन्या फाँटमध्ये केलेला. ज्यांनी कधी श्रीलिपीत मजकूर टाईप केलाय त्यांना माहीत असेल: फाँट काढून घेतला की 'मराठी'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा भेळपुरी खच उरतो. अक्षराच्या खाली लपलेला आकडा इंग्रजीचाच, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. कानडीत जुन्या नुडी फाँटचं तेच. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली तरी आपल्याकडच्या कितीतरी नोटिसा, निकाल, पत्रिका अजून असेच मुखवटे घालून फिरतात. डोळ्याला ते मराठी आहे. कानाला ते काहीच नाही. मास्तरांकडे तो अहवाल उघडून बघितला तेव्हा त्यांचा फोन जे बोलला ते ऐकून त्यांची म्हातारी बायको आतून म्हणाली, "कुणाला मंत्र घालताय?"

दुसऱ्या खेपेला मास्तरांनी मला त्यांची ब्रेलची वही दाखवली. जाड, पिवळट कागद, टिंबांनी फुगलेला. मी हात फिरवला, वाळूवरून फिरवावा तसा, आणि काही कळलं नाही हे सांगायला नकोच. त्यांनी माझं बोट धरून एका घरावर ठेवलं. सहा टिंबांचं एक घर, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. "हा क. आता सांग, मराठी की कानडी?" मी म्हणाले, मला कसं कळणार. "मलाबी कळत नाही," ते म्हणाले आणि खूष झाले. १९५१ साली भारती ब्रेल ठरली तेव्हा सगळ्या भारतीय भाषांत एका उच्चाराला एकच खूण ठेवली गेली. मराठीतला क आणि कानडीतला क, एक आणि तीन नंबरचं टिंब, बस्स. ऱ्हस्व ए-ओसारखे उच्चार कानडीत जास्तीचे आहेत, त्यांना वेगळ्या खुणा. बाकी घर तेच. मास्तर कानडी शाळेत ब्रेल शिकले आणि मराठी अभंगांची वही हातात आली तेव्हा त्यांना नवीन अक्षर शिकावंच लागलं नाही. ज्या गावात पाटीवर कुठली लिपी वर आणि किती मोठी यावरून दगड पडलेत, जिथं आता कानडीला ६० टक्के जागा असा कायदा आहे, तिथं हा माणूस लिपी या प्रकारातून कधीच सुटलेला. मला त्यांचा हेवा वाटला. वाटला आणि लगेच लाजही वाटली, कारण हेवा करायला माझ्याकडे दोन धडधाकट डोळे होते.

मी त्यांना बाबांच्या डेअरीची गोष्ट सांगितली. त्यांनी वहीतून दोन घरं शोधून दिली. ल: डावीकडची तिन्ही टिंबं, उभी. ळ: उजवीकडची तिन्ही, उभी. एकाच भिंतीचे दोन कोपरे. "तुझ्या बाबाला ब्रेल येत असती तर दूध नासलं नसतं," मास्तर म्हणाले.

मग मी कामाला लागले. माऊस काढून कपाटात ठेवला. एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, उतरवून घेतलं. हे फुकट मिळतं. मायकल करन आणि जेम्स टेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी उभं केलं, सुरुवात २००६ची, आणि दोघंही स्वतः दृष्टिहीन. तोवर असली सॉफ्टवेअरं इतकी महाग होती की कॉम्प्युटरपेक्षा त्याला वाचा देणं महाग पडायचं. लॅपटॉपचा पडदा काळा करून मी माझ्याच साईटमध्ये शिरले आणि दहा मिनिटांत हरवले. डोळे मिटून स्वतःच्या घरात फिरताना निदान पायाला सवय असते. इथं तीही नव्हती. हळूहळू कळत गेलं की डोळस माणूस पानावर नजर टाकतो तसं ऐकणाराही टाकतो. तो सगळं पहिल्यापासून ऐकत नाही, एक कळ दाबून शीर्षकाशीर्षकावरून उड्या मारतो. पण शीर्षकं खरी पाहिजेत, नुसती जाड केलेली अक्षरं नकोत. आणि लिंका एका यादीत काढून बघतो. माझ्या यादीत काय होतं? इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा. बेळगावच्या स्टँडवर सगळ्या बसवर 'बस' एवढंच लिहावं तसं.

मध्येच एका विक्रेत्याचा फोन आला. आमची एक ओळ साईटमध्ये टाका, कोपऱ्यात एक निळा माणूस येईल, साईट आपोआप सगळ्यांसाठी खुली होईल. मोह झाला, खोटं कशाला बोला. पण असलाच दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५मध्ये १० लाख डॉलर भरायला लावल्याचं मी वाचलं होतं. आणि मला राहूनराहून वाटत होतं की खरवडायचं काम शिडीवर चढूनच करावं लागतं.

संचालकांना मी कायद्याचं भय दाखवलं, त्याशिवाय जादा पैसे निघाले नसते. २०१६चा अपंग हक्क कायदा आहे, त्यात पूर्वीच्या सातऐवजी २१ प्रकारची अपंगत्वं धरलीत, वगैरे. एक संचालक म्हणाले, "आपल्या सभासदांत आंधळे असे कितीसे?" मी म्हणाले, एक मास्तर. मग थोडं थांबून दुसरेच एकजण म्हणाले, त्यांच्या वडगावच्या बहिणीचे हात कापतात, तिला फोनवरचं ते बारीक बटन सापडत नाही, दुसरंच दाबलं जातं. त्यासाठीही नियम आहे, मी सांगितलं. डब्ल्यूसीएजीच्या २०२३च्या आवृत्तीत बटनाचा किमान आकार दिलाय. मग तिसऱ्याने स्वतःच्या मोतीबिंदूचा विषय काढला. पुढची वीस मिनिटं सभा दुखण्यांची झाली आणि माझं बिल मंजूर झालं.

मास्तरांना मात्र कायद्याचं कौतुक नाही. त्यांचा एक जुना राग आहे. एका बँकेत खातं उघडताना ॲपने त्यांना सांगितलं, कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे कळेल. मास्तरांचे डोळे जन्मापासून मिटलेले. तीनदा प्रयत्न झाल्यावर ॲपने त्यांना नाकारलं. "मी तिथं पेटीवर भैरवी वाजवून दाखवली असती," ते म्हणतात, "पण ॲपला कान नव्हते." मी त्यांना सांगितलं की सर्वोच्च न्यायालयाने नेमकं याच गोष्टीवर ३० एप्रिल २०२५ला निकाल दिलाय. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेली माणसं आणि एक दृष्टिहीन याचिकाकर्ता कोर्टात गेले होते. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टाने म्हटलं आणि २० निर्देश दिले. मास्तर भाता हलवत ऐकत होते. "म्हणजे पापणी न हलवता मी जिवंत आहे?" आहात, मी म्हणाले. "कोर्टाचं नाव काढून सांगतीस म्हणजे खरंच असेल."

ऑगस्टच्या शेवटी नवी साईट चढली. भगवा गडद केला, इतका की एकाने त्याला विटकरी म्हटलं. नोटीस लिहून काढली, कोष्टक कोष्टक झालं, पानांना आपापली मातृभाषा मिळाली. अकरा बटनांना तिन्ही भाषांत नावं दिली. ही नावं पडद्यावर दिसत नाहीत. तिथं नुसतं पाकिटाचं किंवा घराचं चित्र असतं. नाव आत असतं, फक्त ऐकणाऱ्यासाठी. कानडी पानांचा मजकूर संस्थेच्या अकाउंटंटने तपासून दिला होता, पण ही न दिसणारी नावं तपासणार कोण? ती मीच टाईप केली, उच्चारानुसार चालणाऱ्या कीबोर्डवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांचा फोन. मी कौतुकाच्या तयारीने उचलला. पलीकडून बोलणं येईना, नुसता धापा टाकल्याचा आवाज. मी घाबरले. मग कळलं, ते हसत होते. मागे त्यांची बायकोही हसत होती.

"ते पाकिटाचं बटन," ते कसेबसे म्हणाले, "कानडीतलं. काय लिहिलंस गे त्यात?"

'नमगे हेळी' लिहिलं होतं. म्हणजे, आम्हाला सांगा. सूचना, तक्रारी. निदान मला तसं लिहायचं होतं. त्या कीबोर्डवर साधी एल दाबली की ल उमटतो, शिफ्ट धरून दाबली की ळ. माझं शिफ्टवरचं बोट सुटलं होतं. ळ चा ल झाल्यावर कानडीत त्या विनंतीचं काय होतं, हे ज्यांना कानडी येतं त्यांनी एव्हाना ओळखलं असेल. ज्यांना येत नाही त्यांनी शेजारच्या कानडी माणसाला विचारावं, पण जेवणाच्या वेळी नको. पतसंस्थेच्या सातशे सभासदांपैकी, संचालक मंडळापैकी, माझ्यापैकी, कुणाच्याही डोळ्याला ते कधीच दिसलं नसतं. मास्तरांच्या फोनने मात्र सकाळी सात वाजता, स्पष्ट उच्चारात, अख्ख्या माडीला ऐकू जाईल असं म्हणून दाखवलं होतं. दोनदा, कारण त्यांनी खात्री करायला बोट मागे सरकवलं.

बाबा नाश्ता करत होते. मी सांगितलं. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, चष्मा काढला, डोळे पुसले.

"दुरुस्त करायला किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं."

"शिडी नाही, काही नाही," बाबा म्हणाले आणि परत बशी उचलली.